पुरलेल्या नळाचा साक्षीदार

फराळाची तयारी चालली आहे. कढईत तेल तापले आहे, सोऱ्यातून चकली पडते आहे आणि खाली निळी ज्योत शांतपणे जळते आहे. मुंबई-पुण्याकडच्या पुष्कळ स्वयंपाकघरांत आता सिलिंडरही दिसत नाही. 'गॅस संपला हो!' म्हणून ऐन दिवाळीत शेजारी धावण्याची पाळी येत नाही. भिंतीतून एक बारीक नळी येते, कॉक फिरवला की झाले. त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, याचा विचार चकल्या तळताना कोणी करीत नाही, आणि तो करावा लागू नये हेच बरे.

पण दिवाळी अंकाचा वाचक म्हणजे फुरसतीचा वाचक. तेव्हा त्या नळीचे बोट धरून थोडे मागे जाऊ. घरातली नळी इमारतीच्या नळाला, तो रस्त्याखालच्या नळाला, आणि असे करीत करीत शेवटी शेतांखालून, नद्यांखालून, रेल्वेच्या रुळांखालून शेकडो मैल आलेल्या एका जाड पोलादी नळाला आपण पोचतो. हा थोरला नळ काही एकसंध नसतो. चाळीसेक फुटांचे तुकडे विजेच्या ठिणगीने वितळवून एकमेकांना जोडलेले असतात. मैलाला शंभराहून अधिक सांधे! यातला प्रत्येक सांधा बांधकामाच्या वेळी काही तास उघड्यावर असतो. मग त्यावर लेप चढतो, नळ चरात उतरतो, वर माती पडते, पुढच्या पावसाळ्यात गवत उगवते आणि खाली काय आहे हे गावकरीही विसरतात. त्या काही तासांत ज्याने तो सांधा पाहिला आणि 'ठीक' असे लिहिले, त्याच्या शब्दावर आपली चकली तळली जाते.

हा शब्द देणारा मनुष्य म्हणजे पाइपलाइनच्या बांधकामाचा इन्स्पेक्टर. आपल्याकडे हा धंदा फारसा कोणाला ठाऊक नाही. मुलीच्या मामाने विचारावे, "मुलगा काय करतो?" आणि उत्तर मिळावे, "इन्स्पेक्टर आहे." "अरे वा! कोणत्या ठाण्यावर?" "ठाण्यावर नाही हो मामा, पाइपलाइनवर." यापुढे मामांचा चेहरा पडतो, कारण नळावर उभा राहून दिवसभर नुसता पाहणारा मनुष्य म्हणजे काय, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. नुसते पाहण्याचे पैसे कोणी देते का? देते, आणि पाहिले नाही तर काय होते, याची एक हकीकत सांगतो.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या दक्षिणेला सॅन ब्रुनो नावाचे गाव आहे. टेकडीच्या उतारावर तुमच्याआमच्यासारख्यांची घरे. २०१० सालच्या ९ सप्टेंबरला संध्याकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी तिथली जमीन फाटली आणि आगीचा प्रचंड लोळ उठला. विमानतळ जवळच असल्यामुळे पुष्कळांना आधी विमानच कोसळले असे वाटले. प्रत्यक्षात रस्त्याखालून जाणारा तीस इंच व्यासाचा गॅसचा नळ फुटला होता. अठ्ठावीस फूट लांबीचा, सुमारे तीन हजार पौंड वजनाचा नळाचा तुकडा शंभर फुटांवर जाऊन पडला. रस्त्यात बहात्तर फूट लांबीचा खड्डा पडला. गॅस बंद करायला पंचाण्णव मिनिटे लागली. तोवर आठ माणसे प्राणाला मुकली होती आणि अडतीस घरांची राख झाली होती.

त्या देशात वाहतुकीतल्या मोठ्या अपघातांची चौकशी करणारे एक स्वतंत्र राष्ट्रीय मंडळ आहे. विमान पडो, आगगाडी घसरो की गॅसचा नळ फुटो, हे लोक तुकडे गोळा करून प्रयोगशाळेत नेतात. २०११ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केले, ते वाचून अंगावर काटा येतो. नळ फुटला तेव्हा आत दाब होता दर चौरस इंचाला सुमारे ३८६ पौंड. म्हणजे कंपनीने ठरवलेल्या ४०० पौंडांच्या मर्यादेच्या आतच. मग फुटला कसा? हा भाग १९५६ साली बसवलेला. त्यात एके ठिकाणी सलग नळाऐवजी जेमतेम चार-चार फुटांचे सहा तुकडे जोडून वेळ मारून नेलेली. पोलादी पत्रा वळवून नळ करतात तेव्हा त्याला लांबीच्या बाजूने एक शिवण येते. ती आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून वितळवून पक्की करायची असते. इथे त्यांतल्या काही तुकड्यांची शिवण बाहेरूनच घातली होती. आतून कोरीच! अंगरख्याला वरून टाका घालावा आणि अस्तर तसेच लोंबत ठेवावे, तसला हा कारभार.

चौकशी मंडळाने कारणाच्या कलमात एक शब्द वापरला आहे, त्यावर मी पुष्कळ वेळ थांबलो. शिवणीतला तो दोष 'दिसण्याजोगा' होता. त्याला दुर्बीण नको होती, क्ष-किरण नकोत. १९५६ साली कोणी त्या तुकड्याच्या तोंडातून आत डोकावले असते, तर साध्या डोळ्यांना दिसले असते. तो दोष चोपन्न वर्षे मातीखाली राहिला, दाबाच्या चढउतारांबरोबर कणाकणाने वाढला, आणि दूरच्या एका केंद्रात विजेच्या दुरुस्तीचे काम ढिसाळपणे चालू असताना दाब जरा चढला, तेव्हा फुटला. त्या सांध्यापाशी उभा राहून 'ठीक' म्हणणारा कोण होता? की तिथे कोणी नव्हताच?

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. कंपनीच्या दप्तरात त्या भागापुढे नोंद होती 'बिनशिवणीचा नळ'. आणि तीस इंच व्यासाचा बिनशिवणीचा नळ त्या काळी मिळतच नव्हता! म्हणजे नोंद करणाऱ्याने नळ पाहिला नव्हता आणि नोंद वाचणाऱ्या पन्नास वर्षांतल्या कोणालाही शंका आली नव्हती. अपघातानंतर सरकारने कंपनीला बजावले की, तुमच्या नळांची बांधकामाची कागदपत्रे काढून दाखवा. तेव्हा २०११ साली काउ पॅलेस नावाचे भले थोरले सभागृह घेऊन तिथे कागदांच्या खोक्यांच्या थप्प्याच थप्प्या आणल्या गेल्या आणि माणसे रात्रंदिवस त्यांत जुने कागद शोधत बसली. राज्याच्या नियंत्रक आयोगाने २०१५ साली कंपनीला एकशे साठ कोटी डॉलरचा भुर्दंड घातला, आणि २०१६ साली न्यायालयात पंचांनी तिला सुरक्षेचे कायदे मोडल्याबद्दल दोषी ठरवले.

आता कोणी म्हणेल, १९५६ साली नियमच नसतील. तसेही नाही. नळांच्या वेल्डिंगचे प्रमाण अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेलधंद्याच्या संस्थेने १९५३ मध्येच काढले होते. नवा नळ पाण्याच्या दाबाखाली तपासावा, असे अभियंत्यांचे प्रमाण १९५५ सालचे. पण ही प्रमाणे पाळणे ऐच्छिक होते. कॅलिफोर्निया राज्याचा नियम १९६१ पासून लागू झाला, केंद्राचा १९७० साली. आणि दोन्ही वेळा आधी पुरलेल्या नळांना दाबाच्या चाचणीतून सूट मिळाली. या सवलतीला तिकडे 'आजोबांचे कलम' म्हणतात. आजोबांना कोण काय विचारणार!

एका बाबतीत मात्र अन्याय होऊ नये. इन्स्पेक्टरांच्या ज्या परीक्षेविषयी मला लिहायचे आहे, ती या एका अपघातातून जन्मली असे म्हणणे खरे नाही. त्याच्या आधी दोनतीन वर्षे अमेरिकेत नवे नळ टाकण्याची लाट आली होती आणि सरकारी तपासनिसांना अगदी कोऱ्या नळांतही लेपातले, वेल्डिंगमधले, चर खणण्यातले दोष सापडू लागले होते. २००९ साली टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे सरकारने यासाठी मुद्दाम सभा बोलावली. २०१० च्या मार्चमध्ये, म्हणजे सॅन ब्रुनोच्या आधी सहा महिने, मोठ्या व्यासाच्या नळांची तोंडे नीट न जुळवता सांधे केले जात आहेत, असा इशारा निघाला. कामे एकदम वाढली की माणसे कमी पडतात, आणि माणसे कमी पडली की जो मिळेल तो उभा केला जातो. हे अमेरिकेतही असेच.

तोवर इन्स्पेक्टर कसा होत असे? ओळखीने. बहुतेक जण मुळात वेल्डर किंवा मुकादम. पाठीला बाक आला, डोळ्यांपुढची काळी काच नकोशी झाली की जुना साहेब म्हणायचा, "ये, आता तू नुसता उभा राहून बघ." त्यांतले कित्येक आपल्या कामातले पंडित होते, ज्योतीच्या आवाजावरून सांधा कसा पडतो आहे हे सांगणारे. पण पंडित कोण आणि नुसता साहेबाचा मित्र कोण, हे बाहेरच्या माणसाने ओळखायचे कसे? शेवटी २०१३ साली त्याच इन्स्टिट्यूटने नव्या नळाच्या बांधकामाची तपासणी कशी करावी याचे शिफारसपत्र छापले. त्याचा क्रमांक ११६९. त्याच क्रमांकाने परीक्षाही सुरू झाली. प्रश्न ११५, प्रत्येकाला पर्याय दिलेले. गुण त्यांतल्या शंभरांनाच. उरलेले पंधरा पुढल्या परीक्षांसाठी पारखून पाहायचे, आणि ते कोणते हे परीक्षार्थ्याला कळत नाही. प्रमाणपत्र मिळते ते तीन वर्षांपुरते. मग पुन्हा त्याचे नूतनीकरण.

आणि अभ्यास काय, तर वेल्डिंग हा त्याचा एक भाग. नळ किती खोल हवा? वस्ती नसलेल्या ठिकाणी साध्या मातीत वर निदान तीस इंच माती, वस्तीत छत्तीस. चर पाच फुटांहून खोल झाला की भिंती ढासळू नयेत म्हणून आधार द्यायला हवा. चार फुटांच्या पुढे शिडी हवी, आणि ती आतल्या माणसाला पंचवीस फुटांच्या आत सापडली पाहिजे. खणलेल्या मातीचा ढीग काठापासून दोन फूट दूर. शेतातली वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवायची आणि शेवटी वरच पसरायची. तळाची माती वर आली तर शेतकऱ्याची पिके वर्षानुवर्षे रडतात. हे वाचताना मला आपल्याकडचा १९६२ चा कायदा आठवला. तेलाचा किंवा गॅसचा नळ शेतातून गेला तरी जमीन शेतकऱ्याचीच राहते, सरकार घेते तो वापराचा हक्क. मात्र त्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. ज्याने आंब्याची जागा सोडली, त्याची माती तरी नीट परत मिळावी, हे पाहणारा कोणी हवाच.

लेपाच्या तपासणीत एक मौज आहे. नळ गंजू नये म्हणून त्यावर लेप देतात आणि तो पुरण्यापूर्वी विजेच्या भारलेल्या कड्याने सगळ्या अंगावरून चाचपतात. लेपात सुईएवढे भोक असले तरी तिथे ठिणगी उडते आणि यंत्र ओरडते. अशा भोकाला इंग्रजीत म्हणतात 'हॉलिडे', म्हणजे सुट्टी! जुन्या खलाशांची ही बोली; जहाज रंगवताना ज्याने एखादा पट्टा कोरा सोडला, त्याने तिथे सुट्टी घेतली असे म्हणायचे. तेव्हा पाइपलाइनवर 'आज एकही हॉलिडे नाही' असे कोणी म्हटले, तर तो रजा नाकारल्याची तक्रार करीत नसून आनंदाची बातमी देत असतो.

पण खरी परीक्षा सांध्यापाशीच. सांध्याच्या आत काय आहे हे पाहण्यासाठी गॅमा किरणांनी त्याची छायाचित्रे काढतात; डॉक्टर हाडाची काढतात तशीच. त्यासाठी लागणारा इरिडियम-१९२ हा किरणोत्सारी पदार्थ आपल्याकडे वाशीच्या 'ब्रिट' या अणुऊर्जा खात्याच्या संस्थेकडून मिळतो. त्याचे तेज सुमारे चौऱ्याहत्तर दिवसांत निम्मे होते, त्यामुळे तो साठवून ठेवण्यात अर्थ नसतो. हाताळायचा म्हणजे माणूस शिकलेला आणि मान्यताप्राप्तच लागतो. तिथे ओळख चालत नाही. आता वाचकाला वाटेल, प्रत्येक सांध्याचे छायाचित्र निघत असेल. अमेरिकेच्या नियमात तसे नाही. दाट वस्तीत आणि नदी-रेल्वे ओलांडताना सगळे सांधे, अगदीच अशक्य झाले तरी नव्वद टक्के. पण निर्जन मुलखात दिवसाच्या कामातले दहा टक्के पुरतात. म्हणजे कायद्याचे किमान पाळायचे तर शंभरातले नव्वद सांधे माणसाच्या डोळ्यांच्या भरवशावर जमिनीत जातात! अमेरिकेतल्या वेल्डिंग इन्स्पेक्टरांच्या एका जुन्या प्रमाणपत्राला डोळ्यांची तपासणी सक्तीची आहे, बारा इंचांवरून बारीक अक्षर वाचता आले पाहिजे. त्यातले मर्म आता कळते.

एवढे सांगितल्यावर प्रमाणपत्राची थोरवी गावी असे वाटेल, पण माझे मन तितके निःशंक नाही. एक तर नळ तपासलाच पाहिजे, सांधा पाहणारा मनुष्य शिक्षणाने व अनुभवाने लायक पाहिजे, एवढे अमेरिकेचा कायदा सांगतो. अमुक एक परीक्षा उतरलाच पाहिजे असे तो म्हणत नाही. ते मागायचे की नाही हे नळाच्या मालकाने ठरवायचे. दुसरे, पर्यायांवर खुणा करून माणसाचे ज्ञान मोजता येते, कणा मोजता येत नाही. प्रसंग डोळ्यांपुढे आणा. हिवाळ्याआधी नळ सुरू व्हायचा आहे. ठेकेदाराची शेकडो माणसे, यंत्रे, गाड्या उभ्या आहेत. एका दिवसाच्या खोळंब्याचा हिशेब मोठा आहे. आणि घरापासून दूर, महिनोन् महिने लॉजवर राहणारा, कंत्राटावर नेमलेला एक मनुष्य वाकून सांध्याकडे पाहतो आणि म्हणतो, "कापा." तो तुकडा कापून पुन्हा जोडायचा. मुकादम चिडतो. वरून फोन येतो. पुढच्या कामावर आपल्याला बोलावतील का, हा विचार त्याच्या मनात येत नसेल असे समजणे भोळेपणाचे होईल. मुलांच्या फिया त्यालाही भरायच्या असतात.

मग त्या कागदाचा उपयोग काय? माझ्या मते एवढाच, पण तो थोडका नाही: आता तो 'मला बरे दिसत नाही' असे म्हणत नाही, 'अमुक कलमात बसत नाही' असे म्हणतो. भांडण दोन माणसांतले उरत नाही. शिवाय प्रमाणपत्र त्याचे स्वतःचे. एका कंपनीने काढले तरी ते घेऊन तो दुसरीकडे उभा राहू शकतो. ओळखीने आलेल्याला ओळख सोडून दुसरा आधार नसतो.

यात काही जणांवर अन्यायही होतो, हे लपवू नये. तीस वर्षे सांधे केलेला, पण शाळा लवकर सोडलेला वेल्डर संगणकापुढे बसून कलमांची भाषा वाचताना घामाघूम होतो. आणि नळावर एक उन्हाळाही न काढलेला तरतरीत मुलगा पुस्तके पाठ करून उतरतो. दोघांत सांधा पाहायला मी कोणाला बोलावीन, हे सांगायला नको. यावर उपाय म्हणजे नव्याला जुन्याच्या हाताखाली काही काळ उभे करणे. आपल्या गवयांनी नि वैद्यांनी ते कधीचेच ओळखले होते.

परीक्षा आणि परवाने बहुधा राखेतूनच उगवतात. टेक्सासमध्ये न्यू लंडन नावाच्या गावी १८ मार्च १९३७ रोजी शाळेच्या इमारतीखाली गळून साठलेल्या गॅसचा स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जीव गेले, बहुतेक मुले. नैसर्गिक गॅसला मुळात वास नसतो, त्यामुळे गळती कोणाला कळलीच नाही. त्यानंतर गॅसला मुद्दाम दुर्गंधी देण्याचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी त्या राज्यात अभियंत्यांच्या नोंदणीचाही. आपल्या ओट्यापाशी कधी कॉक अर्धवट राहिला की जो घाणेरडा वास येतो, त्याची कुळकथा ही अशी आहे. आपल्याकडेही आंध्रातल्या नगरम गावी २७ जून २०१४ ला गॅसचा नळ फुटून वीसहून अधिक माणसे गेली. तिथे दोष बांधकामाच्या दिवसाचा नव्हता, नळ पुढे आतून गंजत गेला होता. म्हणजे चांगल्या इन्स्पेक्टरने पुरलेला नळही पुढच्यांनी सांभाळला नाही तर घात करतो; पण तो निराळा विषय.

आपली मुलेही या धंद्यात आहेत. मुंबई-पुण्याला इंग्लंड-अमेरिकेच्या इन्स्पेक्शनच्या परीक्षांचे वर्ग चालतात. डिप्लोमा झालेली मुले नोकरी सांभाळून रविवारी तिथे बसतात. पुष्कळांची नजर आखातावर असते, कारण तिकडे हे प्रमाणपत्र पगाराच्या आकड्यात उतरते. त्यात गैर काही नाही. ११६९ क्रमांकाची परीक्षा मात्र अमेरिका आणि कॅनडाच्या कायद्यांशी बांधलेली असल्यामुळे तिच्याकडे तिथे काम करू इच्छिणारेच वळतात.

असा एखादा मुलगा घरी येतो तेव्हा त्याच्या बॅगेत एक जाड, कडा मळलेली वही असते. तिच्यात रोज तेच असते: तारीख, हवामान, सांध्याचा क्रमांक, वेल्डरचा क्रमांक, पहिला थर पाहिला, शेवटचा थर पाहिला, लेप तपासला, दोन ठिकाणी ठिणगी, दुरुस्ती करवून पुन्हा तपासला, सही. वाचायला याहून कंटाळवाणे पुस्तक मिळणार नाही. काउ पॅलेसमध्ये खोक्यांत डोके घालून बसलेली माणसे १९५६ सालचे असेच एखादे पान शोधत होती.